नुसता एसपीएफचा आकडा सांगून काय होणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला सनस्क्रीनचा लेख वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. अर्धं पान दिलंत, पण एसपीएफ ५० घ्या यापलीकडे त्यात काहीच नाही. अहो, एसपीएफ म्हणजे त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांपासून किती संरक्षण मिळतं त्याचा आकडा; एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी अडवतं आणि ५० साधारण ९८, तेही भरपूर लावलं तर. लोक आकडा बघून पैसे मोजतात आणि ट्यूबच्या मागे काय लिहिलंय ते कोणी बघत नाही, निदान तुम्ही तरी बघायला सांगायचं होतं.

माझी मुलगी कबड्डी खेळते. गेल्या उन्हाळ्यात शिबिरासाठी मेडिकलमधून एसपीएफ ५० चीच ट्यूब आणली होती. थोड्याच दिवसांत मानेवर, हातांवर लालभडक पुरळ, पाण्याचे बारीक फोड, रात्रभर खाज. जर्सीच्या आत मात्र काही नाही, बाही संपते तिथून रेघ मारल्यासारखं लाल. सगळे म्हणाले घामोळं आहे, पावडर लावा. स्किनच्या डॉक्टरांनी ट्यूब आणायला सांगितली आणि पहिलं विचारलं, दुखण्यावर कुठलं जेल लावता का? गुडघ्याला लावतच होती ती, आणि त्यात केटोप्रोफेन हे वेदनाशामक औषध होतं. त्याची ऍलर्जी झालेल्यांना सनस्क्रीनमधल्या ऑक्टोक्रिलीन या ऊन अडवणाऱ्या घटकाचाही त्रास होऊ शकतो, ऊन लागल्यावर तर जास्तच. हे आम्हाला कोण सांगणार होतं? ट्यूबवर घटकांची नावं होती, पण दुकानदाराने नेमकं त्यावरच डिस्काउंटचं स्टिकर चिकटवलेलं, डॉक्टरांनी नखाने खरवडून काढलं तेव्हा ऑक्टोक्रिलीन दिसलं. घटकांवर स्टिकर लावणाऱ्या दुकानदारांबद्दल लिहा ना जरा!

आता तिला झिंक ऑक्साइडवालं लावते. चेहरा पांढरट दिसतो, तिला ते आवडत नाही, पण पुरळ परत आलेलं नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियामक संस्थेने, २०१९ च्या प्रस्तावात सनस्क्रीनमधले झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड हे दोनच घटक सुरक्षित आणि परिणामकारक धरले, ऑक्सिबेन्झोन, ऑक्टोक्रिलीन वगैरे १२ घटकांसाठी आणखी माहिती मागितली. ते घातक आहेत असं म्हटलेलं नाही, उगाच कोणी घाबरू नये. पण लहान पोरांना रोज लावायचं असेल तर मी तरी पहिले दोनच घेईन. केमिकल-फ्री लिहिलेल्या ट्यूबला भुलू नका, झिंक ऑक्साइड हेही केमिकलच आहे. आणि ट्यूबवर पीए या अक्षरांपुढचे प्लस बघा, त्वचेत खोलवर जाणाऱ्या यूव्हीए किरणांपासूनचं संरक्षण त्यावरून कळतं, एसपीएफवरून नाही.

तुमच्या लेखात अमेरिकेच्या हवाई राज्यातल्या सनस्क्रीन-बंदीचा उल्लेख आहे तोही अर्धवट. १ जानेवारी २०२१ पासून तिथे ऑक्सिबेन्झोन किंवा ऑक्टिनॉक्सेट असलेली सनस्क्रीनं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत ती प्रवाळ वाचवायला, माणसाच्या कातडीसाठी नाही. वाचणाऱ्याचा गैरसमज होतो, कृपया खुलासा छापा.

जाता जाता आणखी एक. आमच्या नागपुरात एप्रिलच्या उन्हात भर दुपारी पोरींना ग्राउंडवर उभं करतात आणि टोपी युनिफॉर्ममध्ये बसत नाही म्हणून काढायला लावतात. मुलीच्या शाळेत मी दोनदा बोलून आले, हो हो म्हणाले, पुढे काही नाही. टोपी आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालू दिला तर निम्मं सनस्क्रीन लागणारच नाही. यावर तुमच्या वार्ताहराने चार शाळांत जाऊन बातमी करावी, उन्हाळी शिबिरं सुरू व्हायच्या आत.

आपली,
एक वाचक, नागपूर