या खेपेला नायगरा नाही

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बोलायला धीर होईना, म्हणून लिहिते आहे. नायगऱ्याचा बेत मी रद्द केला आहे. हॉटेलचे पैसे परत मिळाले, तेव्हा त्याची हळहळ नको. आमच्या घरापासून तिथवर मोटारीने सात-आठ तास लागतात, आणि अँजिओप्लास्टीनंतर इतका वेळ एका जागी बसायचे नाही, असे डॉक्टरांनी बाबांना आईसमोरच बजावले होते. आई, भिशीतल्या सगळ्यांना तू धबधब्याचे सांगून बसली आहेस हे मला ठाऊक आहे. त्यांना खुशाल सांग की लेकीने ऐकले नाही.

त्याऐवजी आपण फ्रेडरिक डग्लस यांचे घर बघायला जाणार आहोत. गुलामगिरीतून पळून सुटलेले आणि पुढे तिच्याविरुद्ध लढलेले हे अमेरिकेतले काळे पुढारी. वॉशिंग्टनच्या अ‍ॅनाकोस्टिया भागात टेकडीवर हे ‘सीडर हिल’ आहे आणि आमच्याकडून पाऊण तासात तिथे पोहोचता येते. तुम्हाला झेपेल की नाही याची खात्री करायला मी आधी एकटीच जाऊन आले. खालच्या माहिती केंद्रापासून घरापर्यंत ८५ पायऱ्या आहेत, पण बाबा, तुम्ही त्या चढायच्या नाहीत. पायऱ्या टाळून वर नेण्याची सोय आहे आणि तिथल्या रेंजरशी, म्हणजे घर दाखवणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याशी, मी आधी बोलून ठेवणार आहे. स्वच्छतागृह खालीच आहे, ते आधी उरकून घेऊ. घर दाखवायला साधारण अर्धा तास लागतो आणि तेवढेच उभे राहावे लागते.

बाबा, तुम्ही आम्हा भावंडांना गंज पेठेतल्या फुले वाड्यात न्यायचात आणि विहिरीपाशी थांबून, ती अस्पृश्यांना खुली केली ते १८६८ साल आमच्याकडून वदवून घ्यायचात. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, तिथल्या गुलामांना मुक्त करण्याच्या त्यांच्या कामाबद्दल, अर्पण केली, हेही तुम्हीच सांगितलेले. ती अर्पणपत्रिका छापली गेली तेव्हा डग्लस याच वॉशिंग्टन शहरात राहत होते. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली, त्याच वर्षी हा माणूस न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका फॉल्सच्या स्त्री-हक्क परिषदेत बायकांना मताचा अधिकार हवा म्हणून उभा राहिला होता. सुटकेनंतर फक्त दहा वर्षांनी! तेव्हा तुमच्यासाठी नायगऱ्याहून हे मोठे, असे मी ठरवून टाकले. तुम्ही नाही म्हणाला असतात तर गोष्ट वेगळी, पण तुम्हाला विचारलेच नाही.

हे घर त्यांनी १८७७ मध्ये ६,७०० डॉलरना घेतले. ज्या वसाहतीत ते होते, तिथे काळ्यांना जागा विकायची नाही अशी अट मुळात घातलेली होती. पुढच्या ओसरीत उभे राहिले की कॅपिटॉलचा, म्हणजे इथल्या संसदेचा, घुमट समोर दिसतो, आणि तिथे मी बराच वेळ रेंगाळले. आतल्या बहुतेक वस्तू त्यांच्याच घरातल्या आहेत. अभ्यासिकेत पुस्तकांच्या भिंती आणि लिहायचे मेज आहे, पण मला जास्त आवडले ते वरच्या निजायच्या खोलीतले डंबेल्स. सत्तरीतला माणूस व्यायाम चुकवत नव्हता, हे मी केवळ माहिती म्हणून लिहिते आहे. वरचा जिना मात्र बाबांनी चढायचा नाही, मी फोटो काढून आणेन. दिवाणखान्यात त्यांच्या शेवटच्या दिवसाविषयी सांगतात. २० फेब्रुवारी १८९५ रोजी ते बायकांच्या एका सभेहून घरी आले आणि पत्नीला तिथला वृत्तांत सांगता सांगता गेले. ते ऐकून मनाला लावून घेऊ नका. तुमचे रिपोर्ट चांगले आहेत, मी स्वतः वाचले आहेत.

आई, तुला ज्या दोन बायका दाखवायच्या आहेत त्यांपैकी पहिली अ‍ॅना, त्यांची पहिली पत्नी. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. १८३८ मध्ये खलाशाचे कपडे घालून ते बाल्टिमोरहून पळाले, तेव्हा खर्चाला पैसे तिने पुरवले आणि त्यासाठी पिसांची गादीसुद्धा विकली, असे सांगतात. पाटल्यांची गोष्ट मी इथे काढत नाही, तू रागावशील. दुसरी त्यांची आई, हॅरिएट. तिला दूरच्या शेतावर जुंपले होते. दिवसभर राबून रात्री बारा मैल चालत ती लेकराला भेटायला यायची, कुशीत घेऊन निजवायची आणि तो जागा व्हायच्या आत परत गेलेली असायची. हे वाचताना मला फलटणच्या वसतिगृहाची रात्रीची एस.टी. आठवली, आणि अजूनही तुझ्या पदरात तोंड खुपसून झोपावेसे वाटते. इथे माझे सगळे छान आहे, काळजी करू नकोस. नुसते वाटते, इतकेच.

हे घर वाचले ते त्यांची दुसरी पत्नी हेलन हिच्यामुळे. मृत्युपत्रावर साक्षीदारांच्या सह्या पुरेशा नव्हत्या, त्यामुळे घर तिला आपसूक मिळाले नाही आणि ते टिकवायला तिने कर्ज काढले. पुढे काळ्या स्त्रियांच्या संघटनांनी पैसे उभे करून ते सांभाळले आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आले. बाबा, वकिलांकडचे ते कागद निघण्यापूर्वी पूर्ण करा, साक्षीदार दोन्ही नीट बघा. मला त्यातले काही नको आहे, दादाला विचारा. फक्त आईला उद्या कुणापुढे हात पसरावा लागू नये, एवढ्यासाठी लिहिले. यावरून मनात दुसरे काही आणू नका.

आता ऐका. रक्त पातळ करायची गोळी हातातल्या पिशवीत ठेवायची, सामानात नाही. विमानात दर दोन तासांनी उठून चालायचे. आईने नव्या चपला न आणता रुळलेले बूटच घालावेत. मेतकूट आणि मऊ भाताचे तांदूळ इथे मिळतात, वजन वाढवू नका. सीडर हिलची तिकिटे तुम्ही आल्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारची सकाळची घेतली आहेत. तोवर झोपेचे गणित बसलेले असेल. नसेल तर बदलून घेऊ, त्यात काही अवघड नाही.

तुमची,
धाकटी