गौरीच्या जेवणाला येण्यापूर्वी

पुणे, रविवार

ती. आई व ती. बाबा यांना
सा. न. वि. वि.

गौरी येतील त्याच संध्याकाळी मी कऱ्हाडला पोहोचेन, तीन दिवस राहीन आणि वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर प्रथमच आपल्या घरच्या पंगतीला बसेन. आई फोनवर रोज "जेवलीस का, किती जेवलीस" असे विचारते आणि मी रोज "जेवले, भरपूर जेवले" असे सांगते. यातले "भरपूर" खरे नसते हे आईला कळते, आणि तिला कळते हेही मला कळते. काकू, मावशी आणि शेजारच्या चार बायकांसमोर हा विषय निघण्याआधी तुम्हा दोघांना तो नीट माहीत असावा, म्हणून हे पत्र लिहीत आहे. बोलायला गेले तर आई मध्येच रडेल आणि बाबा पेपर उघडतील, हेही एक कारण आहेच.

बाबा, शस्त्रक्रियेच्या दिवशी डॉक्टरांनी तुम्हाला कागदावर आकृती काढून दाखवली होती, पण त्या वेळी तुमचे लक्ष माझ्या हातातल्या सुईकडे होते. त्यांनी जठराचा साधारण तीन चतुर्थांशाहून अधिक भाग उभा कापून काढला आणि उरलेल्या भागाची केळ्यासारखी एक अरुंद नळी शिवून ठेवली. तिच्यात सुरुवातीला शंभर ते दीडशे मिलिलिटर मावते, म्हणजे स्टँडवर तुम्ही जो कटिंग चहा घेता त्या पेल्याहून थोडेसे जास्त. पूर्वीचे जठर पिशवीसारखे ताणले जात असे. घाईने गिळलेले अन्न त्यात पडून राही आणि त्याची झळ मला लागत नसे. ही नळी तशी ताणली जात नाही. तिच्यात भरभर काही लोटले तर ते पुढे सरकत नाही, मागेही येत नाही, आणि छातीच्या मधोमध कुणी मूठ दाबून धरावी तसे दुखू लागते.

हे शब्द माझे स्वतःचे आहेत, कारण ती मूठ मी दोनदा अनुभवली आहे आणि दोन्ही वेळा तुम्हाला सांगितले नाही. पहिल्या वेळी तर, आई, तू स्वयंपाकघरात माझ्यासाठी डाळीचे पाणी गाळत होतीस. रुग्णालयात नर्सने मला औषधाचा असतो तसा छोटा पेला दिला होता आणि दर पंधरा मिनिटांनी त्यातले तीस मिलिलिटर पाणी घोटाघोटाने प्यायचे असे बजावले होते. माझे सुकलेले ओठ पाहून तू तिला "अजून थोडे द्या हो" म्हणाली होतीस आणि तिने हसून नकार दिला होता. घरी आल्यावर चौथ्या दिवशी मला राहवले नाही. ओट्यावरचा तांब्या उचलला आणि आपल्या सवयीप्रमाणे तोंड न लावता वरून धार सोडली. दोनच घोट झाले असतील. पुढची वीस मिनिटे मी न्हाणीघराच्या दाराला टेकून उभी होते, घाम फुटला होता आणि तोंडाला सारखे फेसाळ पाणी सुटत होते. तू विचारलेस तेव्हा मी "केस विंचरते आहे" असे सांगितले.

आहारतज्ज्ञ बाईंना दुसऱ्या दिवशी हे कळवले तेव्हा त्या पाण्यापेक्षा तांब्यावर जास्त बोलल्या. वरून पिताना घोट मोठा होतो आणि पाण्याबरोबर बरीच हवाही गिळली जाते. स्ट्रॉने पिऊ नये असे सांगतात त्यामागेही हेच हवेचे कारण आहे, आणि सोडा किंवा कोल्ड्रिंक वर्ज्य आहेत त्यामागे त्यातल्या वायूचे. तेव्हा यापुढे मला पेल्याला ओठ लावूनच प्यावे लागेल. आपल्या घरात पाण्याचे भांडे उष्टे करणे तुला मुळीच चालत नाही हे मी जाणते, आणि गौरीच्या सोवळ्यात तर नाहीच नाही. म्हणून माझा पेला मी इथूनच आणीन, खिडकीत वेगळा ठेवीन आणि स्वतः धुवीन.

पाण्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगायची आहे, कारण पंगतीत ती सर्वांत आधी खटकेल. मी जेवताना पाणी घेणार नाही. जेवणाआधी अर्धा तास पिणे थांबवते आणि जेवणानंतर पुन्हा अर्धा तास थांबते, कारण त्या एवढ्याशा जागेत पाणी आणि अन्न दोन्ही गेले तर एक तर उलटी होते, नाही तर पाणी अन्नाला पुढे ढकलते, पोट लवकर रिकामे होते आणि पुन्हा खावेसे वाटते. मात्र दिवसभरात दीड ते दोन लिटर पाणी पोटात गेलेच पाहिजे. गटागटा न पिता दोन लिटर संपवणे ही एक नोकरीच आहे. सकाळी उठल्यापासून बाटली माझ्याजवळ असते आणि कचेरीत दर काही मिनिटांनी एक घोट घेतला जातो. या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा दवाखान्याची वाट धरावी लागते ती पुष्कळदा शरीरातले पाणी कमी झाल्यामुळे, असे मला आधीच सांगितले होते. तिथे असताना मला कधी चक्कर आली, लघवी गडद झाली किंवा दिवसभर पाणीही पोटात टिकेना, तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ डॉक्टरांना फोन करा. सतत उलट्या होत राहिल्या तर ब-१ जीवनसत्त्व झपाट्याने कमी होते आणि त्याचा परिणाम मज्जातंतूंवर होतो, म्हणून हे एवढे स्पष्ट लिहिते.

खरे तर सावकाश खाण्याचे शिक्षण शस्त्रक्रियेच्या पुष्कळ आधी सुरू झाले होते. शेवटचे दोन आठवडे मी केवळ पातळ पदार्थांवर होते, तेव्हा आईला वाटले होते की डॉक्टर मला उपाशी ठेवून वजन उतरवत आहेत. कारण वेगळे होते. यकृताचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो आणि माझ्यासारख्यांचे यकृत चरबीने सुजलेले असते. पिष्टमय पदार्थ बंद केले की त्यातला साखरेचा आणि पाण्याचा साठा उतरतो, ते आकसते, आणि दुर्बिणीने काम करणाऱ्या डॉक्टरांना ते बाजूला धरणे सोपे जाते. त्याच्याही आधी दोन महिने बाईंनी मला साध्या जेवणावर सराव करायला लावला. घास लहान घ्यायचा, वीस-पंचवीस वेळा चावायचा, तो पूर्ण गिळेपर्यंत चमचा खाली ठेवायचा, आणि घड्याळ समोर ठेवायचे. पहिल्या दिवशी त्यांनी मला त्यांच्यासमोर घरचा डबा खायला सांगितला. दोन पोळ्या, भाजी आणि भात मी सात मिनिटांत संपवला. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त वहीत "७" असा आकडा लिहिला.

त्या रात्री मी आपल्या घरातल्या जेवणांचा विचार करत राहिले. बाबा, ड्रायव्हर म्हणून तुमचे सारे आयुष्य "गाडी दहा मिनिटे थांबेल" या वाक्यावर गेले. त्या दहा मिनिटांत हात धुणे, जेवण, चहा आणि टायरला एक फेरी, एवढे सगळे बसवायचे म्हणजे घास चावणार कधी? मुक्कामी गाडी लावून सकाळी घरी आल्यावरही तुम्ही त्याच वेगाने जेवत होता आणि आम्ही दोघी बहिणी तुमच्याबरोबर शर्यत लावत होतो. आई सर्वांत शेवटी, पातेल्यात उरलेल्या भातावर आमटी ओतून, अर्धे लक्ष गॅसकडे ठेवून पाच मिनिटांत उरकत असे. आपल्या घरात निवांत जेवलेले माणूस मला तरी आठवत नाही. यातून तुम्ही असा अर्थ काढू नका की माझे वजन १०८ किलो झाले ते तुमच्यामुळे. डॉक्टरांनी त्याची कारणे अनेक सांगितली आहेत: घराण्यातला मधुमेह, माझे पाळीचे जुने दुखणे, बसून काम, अपुरी झोप. वेग हा त्यांतला एक धागा होता आणि माझ्या हातात होता तेवढा तोच होता.

दुसरी चूक सहाव्या आठवड्यातली आहे आणि तिला मात्र दुसरे कोणीही जबाबदार नाही. मऊ जेवण सुरू झाले होते, कचेरीत बैठक होती, आणि मी उभ्या उभ्या पोळीत गुंडाळलेल्या पनीरचे तीन घास भराभर खाल्ले. पनीरचे काही बिघडले नसते, पण नीट न चावलेल्या मऊ पोळीचा आत कणकेसारखा गोळा होतो. तो वर आला तेव्हाच मला बरे वाटले. तेव्हापासून मी फोन ड्रॉवरमध्ये ठेवते, खुर्चीत बसते आणि मगच डबा उघडते. सहकारी आधी चेष्टा करत असत, आता त्यांना सवय झाली आहे.

आता भुकेविषयी, कारण आई, तुला सर्वांत जास्त चिंता तिचीच आहे. मला सध्या भूक जवळजवळ लागतच नाही. भूक चेतवणारे घ्रेलिन नावाचे जे संप्रेरक आहे ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होते आणि तोच भाग काढलेला आहे. भूक पुढे थोडीफार परत येईल असे डॉक्टर म्हणतात. जिला चाळीस वर्षे सतत खा-खा सुटत होती तिला घड्याळ पाहून जेवावे लागते, यावर मी पुष्कळदा एकटीच हसते. पोट मागत नसले तरी मन मात्र मागते. परवा शेजारी कांदाभजी तळत होते आणि मी खिडकी लावून घेतली.

थोडेच खायचे असल्यामुळे क्रमही बदलला आहे. आपल्याकडे पानात आधी वरण-भात येतो आणि तो संपल्याशिवाय पुढचे वाढत नाहीत. मला तसे केले तर भातानेच जागा भरेल. दिवसाला किमान साठ ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत, म्हणून मी आधी घट्ट वरण, उसळ, दही, पनीर किंवा अंडे यांपैकी काहीतरी खाते, मग भाजी, आणि जागा उरली तर शेवटी भाकरीचा पापुद्रा. गौरी येतात त्या दिवशीच्या नैवेद्याची मेथीची भाजी आणि ज्वारीची भाकरी मला अगदी सोसेल. सोबत थोडी मटकीची उसळ केलीस तर माझी पूर्ण सोय होईल. दुसऱ्या दिवशीच्या पुरणपोळीचा मात्र नखाएवढा तुकडा प्रसाद म्हणून घेईन. गोड भराभर पोटातून पुढे गेले तर छाती धडधडते आणि गळून गेल्यासारखे होते, असे बाईंनी बजावले आहे. लोह, कॅल्शियम, ब-१२ आणि ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आता कायमच्याच आहेत. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी वेगवेगळ्या वेळी घ्यायची असल्याने माझ्या डब्यातल्या गोळ्या पाहून घाबरू नका.

पोट भरल्याची खूण मला वेगळीच मिळाली आहे. पूर्वीसारखे तुडुंब वाटत नाही. नाकातून थोडे पाणी येते आणि एक शिंक येते. असे पुष्कळांना होते असे समजले. त्या शिंकेनंतरचा एकही घास मला चालत नाही. बाबा, गाडी सुटताना कोणी शिंकले की तुम्ही स्टिअरिंगवरचा हात काढून क्षणभर थांबत होता आणि कंडक्टर काका घाई करू लागले तरी ऐकत नव्हता. माझ्या शिंकेलाही तसेच थांबा द्या. पानात चार घास उरले असतील आणि "अन्न टाकू नये" हे वाक्य तुमच्या ओठांवर येईल, म्हणून मी आधीच सांगते की वाढून घेतानाच अगदी कमी घेईन, आणि तरीही उरले तर झाकून ठेवून संध्याकाळी खाईन. मावशीचा "माझ्या हातचा एक घास" मी नाकारला तर तिला राग येईल. त्या वेळी मी काही बोलण्याऐवजी आई, तू बोललीस तर बरे होईल. तुझे ती ऐकते.

दोन कामे सांगायची आहेत. माझ्या उष्टावणाची चांदीची वाटी आणि चमचा ट्रंकेत असतील, ते काढून घासून ठेव. मी इथे मोजमापाची भांडी वापरून कंटाळले आहे आणि ती वाटी माझ्या जेवणाला नेमकी पुरेल असा माझा अंदाज आहे. वजन १६ किलोंनी उतरले आहे, गुडघे दुखायचे थांबले आहेत, साखरेची एक गोळी डॉक्टरांनी बंद केली आहे, आणि तरी मी चांदीच्या वाटीत जेवणार म्हणून धाकटी चिडवणारच आहे, चिडवू दे.

दुसरे काम तुझ्यासाठीच आहे, आई. मला जेवायला पंचवीस-तीस मिनिटे लागतात आणि एवढा वेळ एकटीने घड्याळाकडे पाहत बसणे कठीण जाते. बाबांचे जेवण तोवर दोनदा होईल. पाहुणे उठले की तू माझ्या शेजारी पाट मांड, तुझे पान वाढून घे, आणि माझी वाटी संपेपर्यंत उठू नकोस. वाढायचे काही राहिले असेल तर बाबा वाढतील. त्यांना भाताचे पातेले कुठे असते ते आधी दाखवून ठेव.

गाडी स्वारगेटहून दुपारी दोनची धरेन. बाबांनी स्टँडवर येण्याची आवश्यकता नाही, पण ते येतीलच.

तुमची,
थोरली