पुस्तकासोबत वही दिलीत, त्याबद्दल

आदरणीय काका,
सा. न.

'मोना लिसा ओव्हरड्राइव्ह' वाचून झाली. नुसत्या पुस्तकाचे आभार मानायचे असते तर फोनवरही भागलं असतं. हे पत्र सोबतच्या त्या जाडजूड वहीसाठी आहे. उघड लिहितेय, कारण तुमच्याकडून पुस्तकं नेणारे बरेच जण वही न उघडताच परत आणतात, अशी तुमचीच तक्रार होती.

काकांना न ओळखणाऱ्यांसाठी सांगते. काका गिरगावात राहतात, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत आणि फोर्टच्या फुटपाथवरून वर्षानुवर्षं जमवलेल्या विज्ञानकथा मागेल त्याला वाचायला देतात. अट एकच: परत करताना वहीत अभिप्राय लिहायचा. नुसतं 'छान आहे' लिहिणाऱ्याला पुढचं पुस्तक मिळत नाही.

विल्यम गिब्सनच्या सायबरपंक (संगणकांच्या जाळ्याने व्यापलेल्या भविष्यातल्या विज्ञानकथा) त्रयीतली ही शेवटची कादंबरी, 1988 ची. 'न्यूरोमॅन्सर' (1984) मी झपाटल्यासारखी वाचली होती, 'काउंट झीरो' (1986) रेटत रेटत. इथे तर एकदम चार कथानकं. जपानी गुन्हेगारांच्या याकुझा टोळीच्या म्होरक्याची मुलगी कुमिको, जिला बापाने लंडनला धाडलंय. सिमस्टिमची, म्हणजे दुसऱ्याच्या संवेदना थेट अनुभवायच्या करमणुकीची, तारका अँजी. भंगारातून अवाढव्य यंत्रमानव बनवणारा स्लिक हेन्री. आणि मोना. एकाशी ओळख होतेय तोवर प्रकरण संपतं आणि दुसरंच कुणीतरी समोर येतं. वैतागून पुस्तक पालथं टाकलं आणि वही घेतली.

काय भांडलेत लोक त्या वहीत! एकाला राग आहे की पहिल्या पुस्तकाचा नायक, केस नावाचा, इथे ओझरत्या उल्लेखापुरता उरलाय. त्याच्याखाली वेगळ्या अक्षरात उत्तर: त्याची जोडीदार मॉली तर आहे ना, सॅली नावाने, डोळ्यांवरच्या आरशांवरून ओळखा. कुणी लिहिलंय, नारळीकर वाचत वाढलेल्याला हा लेखक उद्धट वाटतो. हे मला अगदी पटलं. नारळीकरांनी आपल्याला हाताला धरून विज्ञान समजावलं. गिब्सन तसं काही करत नाही. स्ट्रेचरवर बेशुद्ध पडलेला माणूस ज्या 'अलेफ' नावाच्या उपकरणाला जोडलाय ते प्रकरण काय आहे, हे स्लिक हेन्रीला उमगेपर्यंत आपणही अंधारातच. आणि 'न्यूरोमॅन्सर'च्या पानावरची तुमची ती नोंद, की सायबरस्पेस (संगणकांच्या जाळ्यातलं आभासी जग) सुचलं पण मोबाइल काही सुचला नाही, हॉटेलात सार्वजनिक फोनच खणखणताहेत! टेलिफोन खात्याच्या माणसाशिवाय इतक्या समाधानाने हे कोण लिहील?

सर्वांत जास्त शाई शेवटावर सांडलीय. (कादंबरी वाचायची असेल त्यांनी हा परिच्छेद गाळावा.) बहुतेकांचं म्हणणं असं, की चारही धागे शेवटच्या काही पानांत घाईने बांधलेत आणि गाडी एकदम अल्फा सेंटॉरी या ताऱ्याकडे कुठून निघाली? पहिल्या पुस्तकाला ह्यूगो आणि नेब्युला हे विज्ञानकथांचे दोन्ही पुरस्कार मिळाले आणि याला नुसती नामांकनं, ते उगाच नाही, असंही एकाने ऐकवलंय. त्या सगळ्यांखाली तुमची लाल शाईतली एक ओळ: 'न्यूरोमॅन्सर'ची शेवटची पानं पुन्हा काढा. काढली. तिथे ती कृत्रिम बुद्धिमत्ता केसला सांगते की आपल्यासारखंच आणखी एक कुणीतरी सापडलंय, सेंटॉरीच्या बाजूला. म्हणजे खुंटी 1984 मध्येच ठोकलेली होती! त्या एका ओळीने मला अख्खी त्रयी परत मिळाली, काका. खरे आभार तिचे.

तरीही एका बाबतीत तुमच्याशी भांडण आहे. वहीत जवळजवळ सगळ्यांनी मोनाला एका ओळीत उरकलंय. फक्त एका मुलीने (अक्षरावरून कॉलेजातली वाटते) तिच्यावर पानभर लिहिलंय. मोना सोळा वर्षांची, तिचा ओळख क्रमांकच नाही, सरकारदरबारी ती नाहीच. शस्त्रक्रिया करून तिला अँजीसारखं बनवतात, ते कशासाठी हे तिला कुणी सांगत नाही, आणि शेवटी ती अँजीच्या जागी तारका होते. हा सुखान्त का, असा त्या मुलीचा प्रश्न. त्यावर तुम्ही नुसतं 'हो' लिहून मोकळे झालात!

मला नाही पटत. आधार नाही, रेशनकार्ड नाही, भाडेकरार नाही, अशा माणसाला या मुंबईत साधं सिमकार्ड घेताना काय होतं ते आपण बघतोच. मोनाला ओळख मिळाली, पण दुसरीची. माझ्या मते ही कादंबरी तिचीच आहे. सायबरस्पेसमधले ते चकाकते भाग आज जुने वाटतात, मोना वाटत नाही. स्लिक हेन्रीचंही तेच. गाड्या चोरल्या म्हणून तुरुंगात त्याची स्मरणशक्तीच बिघडवून टाकलीय, आणि ती भीती बाहेर काढायला तो यंत्रं जोडत बसतो. कुमिकोबद्दल मात्र वहीत मी काहीच लिहिलेलं नाही, ती मला नीट कळलीच नाही.

माझा अभिप्राय त्या मुलीच्या पानाला लागूनच आहे, जरा लांबलाय. लाल शाईसाठी समास सोडलाय. रविवारी सकाळी पुस्तक आणि वही घेऊन येते. गिब्सनचंच 'व्हर्च्युअल लाइट' कुणी नेलं नसेल तर बाजूला काढून ठेवा. काकूंना नमस्कार.

तुमची,
तिसऱ्या पुस्तकावर अडलेली वाचक