पट्टी सैलच बांध

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

पोटरीवरचे इसब पुन्हा चिघळले असून झोपेत खाजवल्यामुळे सकाळी चादरीवर रक्ताचे डाग दिसतात, हे वाचून जीव कळवळला. डॉक्टरांनी औषधी लेपाच्या पट्ट्या सुचवूनही तू बिचकतो आहेस, म्हणून माझ्या पायावर त्या बांधताना जे समजले ते सविस्तर लिहितो.

ही पट्टी म्हणजे झिंक ऑक्साइडच्या ओल्या लेपाने माखलेले सुती कापड. काही पट्ट्यांत इचथॅमॉल हे खाज-दाह शमवणारे गडद रंगाचे औषधही असते; पूर्वी काहींत कोलटार, म्हणजे कोळशापासून मिळणारे डांबरासारखे द्रव्यही असे. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ पाउल गेर्सोन उना यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशी झिंकची पट्टी वापरात आणली. लेपामुळे त्वचा ओलसर राहते आणि आग थोडी शमते, परंतु नखांना कातडीपर्यंत पोहोचू न देणे हेच तिचे मोठे काम आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. खाजवून खाजवून कातडी जाड व राठ होते, तशी ती अधिकच खाजते. दिवसा हात आवरता येतो, झोपेत आवरत नाही.

पहिल्या वेळी मी ती साध्या पट्टीसारखी घट्ट गुंडाळली. हे कापड ताणले जात नाही आणि लेप सुकताना आवळते, त्यामुळे मध्यरात्री बोटे बधिर होऊन मला ती कापून काढावी लागली. नंतर एका परिचारिकेने योग्य रीत दाखवली. आधी मॉइश्चरायझर केसांच्या दिशेने हलक्या हाताने लावायचे, मग पावलापासून गुडघ्याकडे जाताना पायाभोवती सलग वेढे न घेता थोडे पुढे जाऊन पट्टी मागे दुमडायची, म्हणजे त्या घड्यांमुळे आवळण्यास वाव राहतो. वरून नळीसारखी सुती पट्टी चढवली की कपडे आणि अंथरूण खराब होत नाही. ती किती दिवस ठेवायची हे डॉक्टरांनाच विचार; माझी दोन-तीन दिवसांनी बदलत असत.

स्टेरॉइडचे मलम पट्टीखाली नेहमीपेक्षा जास्त शोषले जाते, म्हणून ते सांगितल्याशिवाय लावू नकोस. चट्ट्यातून लस वाहत असेल, पिवळ्या खपल्या धरल्या असतील किंवा ताप असेल तर पट्टी न बांधता आधी डॉक्टरांना दाखव. पायाचा रक्तपुरवठा ठीक असल्याचीही त्यांच्याकडून खात्री करून घे. काहींना लेपातील परिरक्षकांची, म्हणजे लेप टिकवण्यासाठी घातलेल्या रसायनांची, ॲलर्जी असते. तेव्हा दंडाच्या आतील बाजूस लहानसा तुकडा दोन दिवस लावून पाहा. पट्टी बांधल्यावर बोटे निळसर, गार किंवा बधिर झाली, तर सकाळची वाट न पाहता ती लगेच काढ.

पहिली पट्टी सोडशील त्या दिवशी कातडी कशी दिसली आणि झोप किती लागली, हे मला कळव.

तुझा मित्र