मा. संरक्षणमंत्री साहेब, आकाशातल्या त्या दिव्यांच्या फायली उघडा

मा. संरक्षणमंत्री साहेब, सा.न.वि.वि.

मी ग्वाल्हेरचा, शहरातल्या लष्कर भागात राहतो, महाराजपुऱ्याच्या हवाई तळाची मिराज लढाऊ विमानं डोक्यावरून गेली की बोलणं थांबवायची आम्हाला सवयच आहे. मागणी एकच. युद्धाच्या काळात आपल्या जवानांना, पायलटांना आकाशात जे दिसलं आणि ओळखता आलं नाही, त्याच्या जुन्या नोंदी लोकांना वाचायला द्या.

एलियन वगैरे माझ्या डोक्यात नाहीत हो. नोव्हेंबर १९४४ मधे ऱ्हाईनच्या भागात रात्री उडणाऱ्या अमेरिकेच्या ४१५ व्या नाइट फायटर स्क्वॉड्रनला विमानाच्या मागेमागे येणारे लालभडक गोळे दिसायचे, पोरांनी त्यांना फू फायटर नाव ठेवलं, पण आतून धास्ती हीच की जर्मनांनी काहीतरी नवीन हत्यार काढलंय. आणि नुसती धास्तीही महाग पडते. फेब्रुवारी १९४२ मधे, पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याला तीन महिनेही झाले नव्हते, लॉस एंजेलिसवर शत्रूची विमानं आली समजून १४०० च्या वर तोफगोळे उडवले, पडलं एकही विमान नाही, उलट गडबडीत गाड्यांच्या अपघातात न् हार्ट अटॅकने तिथलीच माणसं गेली.

आपल्याकडचंच बघा ना. २०१२-१३ मधे लडाखला सैनिकांनी चीनच्या बाजूला दिसणाऱ्या वस्तूंच्या ३२९ नोंदी केल्या, ड्रोन असतील असा संशय, मग बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या लोकांनी जाऊन पाहिलं तर गुरू आणि शुक्र! यात हसण्यासारखं काय? तिथली हवा विरळ, ग्रह डोळ्यात भरतात, आणि पहाऱ्यावरच्या माणसाने दिसलं ते लिहायलाच हवं. मे २०२५ च्या ब्लॅकआउट मॉक ड्रिलच्या वेळी इथे आमच्या मोहल्ल्यात पश्चिमेचा गुरू बघून लोक ड्रोन ड्रोन करत होते, ते तर ट्रेनिंग नसलेले.

मग १९६५ आणि ७१ च्या रात्री आपल्या लोकांना असं काही दिसलं असेल तर ते पेटीत कशाला ठेवायचं? रेकॉर्ड साधारण २५ वर्षांत खुले करायचे ही २०२१ ची पॉलिसी तुमच्याच मंत्रालयाची आहे. ब्रिटनने यूएफओच्या, म्हणजे ओळख न पटलेल्या उडत्या वस्तूंच्या, फायली २००८ पासून लोकांसमोर ठेवल्या, त्यांचं काही बिघडलं नाही. नावं, ठिकाणं हवी तर काळी करा, पण तारीख, वेळ, काय दिसलं आणि नंतर काय निघालं एवढं राष्ट्रीय अभिलेखागारात जाऊ द्या, म्हणजे खगोलवाले आणि हवामानवाले त्यातलं किती सुटतं ते बघतील.

उत्तराची वाट बघतो.

आपला,
ग्वाल्हेरचा एक मराठी नागरिक