त्या सतरा दिवसांबद्दल

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कॅनडाचा कवी-गायक लेनर्ड कोहेनच्या ‘यू वाँट इट डार्कर’ या अल्बमवरचा लेख वाचला. इतक्या वर्षांनी का होईना, मराठी पानावर त्याचं नाव दिसलं म्हणून आधी आनंद झाला आणि मग चहा निवेपर्यंत मी चिडून बसले. लेखक माझ्या शेवटच्या बॅचच्या मुलांएवढे असावेत, म्हणून राग मनात ठेवत नाही. पण त्यांनी पहिल्या ओळीपासून एकच धरलंय: माणूस मरणाच्या दारात होता, त्याला ते ठाऊक होतं, म्हणून अल्बम थोर. आवाज ‘थकलेला’, गाणी ‘निरोपाची’. आणि शीर्षकगीताला २०१८ साली ग्रॅमीचा ‘बेस्ट रॉक परफॉर्मन्स’ कसा मिळाला हे कोडं त्यांनी ‘वयाचा आणि मरणाचा मान’ एवढ्या चार शब्दांत सोडवून टाकलंय.

मी हा अल्बम वेगळ्या तऱ्हेने ऐकला आहे, आणि तो योगायोग पुन्हा कुणाच्या वाट्याला येणार नाही, म्हणून हे पत्र.

२०१६ च्या ऑक्टोबरात मी मॉन्ट्रियलला होते. मुलीचं पहिलं बाळंतपण. डिंकाचे लाडू इथून बांधून नेले होते, शेक-शेगडीचं तिथे काही जमलं नाही, गरम पाण्याच्या पिशवीवर भागवलं. नातू दिवसा झोपायचा आणि रात्री दोनला डोळे टक्क उघडून बसायचा. जावई त्याच गावात वाढलेले. कोहेन मॉन्ट्रियलचा, त्यामुळे तिथल्या लोकांना तो आपल्या आळीतला मोठा माणूस वाटतो. २१ ऑक्टोबरला अल्बम आला, त्याच संध्याकाळी जावयांनी सीडी आणली. पुढचे पंधरा-वीस दिवस रात्री दोनच्या पुढे घरात तेच वाजत होतं. बाळाला खांद्यावर टाकून आम्ही आळीपाळीने फेऱ्या मारायचो. तो आवाज इतका खालचा आहे की पोराला तो कानाने कमी आणि फरशीतून जास्त पोचत असावा. निदान गप्प तरी बसायचं.

तेव्हा आमच्या लेखी हे एका हयात माणसाचं नवं काम होतं. ८२ वर्षांचा गृहस्थ, पाठीचे मणके मोडलेले, स्टुडिओत जाता येत नाही, म्हणून मुलाने, ॲडमने, घरातच वैद्यकीय खुर्ची मांडून समोर माइक ठेवला आणि काम पुरं करून घेतलं. जावयांनी हे मला सांगितलं तेव्हा मी काय म्हटलं असेल? ‘चिकाटीचा दिसतोय.’ बस. एका मोठ्या मुलाखतीत तो आपण मरायला तयार असल्याचं बोलून गेला होता, त्यावर गहजब झाला. पण अल्बम यायच्या आठवडाभर आधी लॉस एंजेलिसला लोकांसमोर त्यानेच सांगितलं की मी जरा अतिशयोक्ती केली, माझा बेत कायमचं जगण्याचा आहे. लेखात त्या मुलाखतीचा उल्लेख आहे, या विनोदाचा नाही.

७ नोव्हेंबरला तो गेला. आम्हाला, म्हणजे सगळ्या जगालाच, कळलं १० तारखेच्या रात्री. तोवर दफनही मॉन्ट्रियललाच गुपचूप उरकलं होतं. दुसऱ्या दिवशी जावई मला पार्क दु पोर्तुगाल या बागेपाशी त्याच्या घरासमोर घेऊन गेले. पायरीवर फुलं, मेणबत्त्या, थंडीत उभे राहून गाणारे लोक. घरी आल्यावर आम्ही तीच सीडी लावली आणि आमच्या देखत ती बदलली. काल जे गाणं खोडकर वाटत होतं ते आज भाकीत वाटायला लागलं. त्या रात्री मला स्वतःची थोडी लाज वाटली. सूर तेच होते, आम्ही मात्र आता प्रत्येक ओळीत मरण हुडकत होतो.

तर अल्बम आल्यापासून तो जाईपर्यंतच्या सतरा दिवसांत काय ऐकू येत होतं, ते सांगते.

पहिलं म्हणजे आवाज. थकलेला? मी आयुष्यभर पहिली ते चौथीला शिकवलं आणि आमच्या डोंबिवलीच्या भजनी मंडळात तीस वर्षं गायले. माझी पट्टी काळी पाच होती, ती उतरत उतरत पांढरी तीनवर आली. आता पेटीवाल्या बाई तरुण मुलींसाठी वरची पट्टी धरतात आणि मी मागे झांजा घेऊन बसते. उतरलेल्या आवाजाचं दुखणं मला कुणी शिकवायला नको. थकलेला गळा वरच्या स्वराकडे हात उंचावतो आणि तिथे पोचत नाही, ते ऐकणाऱ्याला लगेच कळतं. कोहेन तसा हातच उंचावत नाही. १९६७ चा त्याचा पहिला अल्बम जावयांनी मुद्दाम ऐकवला. तेव्हाचा आवाज पातळ, नाकात अडकलेला. वयाने आणि सिगारेटींनी तो खाली खाली गेला आणि या गृहस्थाने त्या खर्जातच बिऱ्हाड केलं. चार-पाच स्वरांच्या पलीकडे जात नाही, जवळजवळ बोलतोच. आणि जिथे उंची लागेल तिथे दुसऱ्यांना उभं करतो. शीर्षकगीतात मॉन्ट्रियलच्या ज्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, तो लहानपणी जायचा, तिथला पुरुषांचा गायकवृंद घुमतो, आणि शेवटी तिथले मुख्य गायक गिडियन झेलरमायर यांचा मोकळा वरचा सूर लागतो. आपल्याकडे कीर्तनकार बसक्या आवाजात निरूपण करतो आणि चाल मागचे टाळकरी उचलतात, तशी ही वाटणी आहे. याला हिशेब लागतो. थकवा म्हणून असं होत नाही.

रॉकचं म्हणाल, तर त्या गाण्याच्या तळाशी जो बास, म्हणजे खालच्या सुरांचा ठेका, चालतो तो ऐका. एकच वळण, पुन्हा पुन्हा, जरा पुढे झुकून, जणू कुणी जिन्याने खाली उतरतंय. झेपा, आरडाओरडा काही नाही. पण रॉक म्हणजे नुसता दणदणाट, असं असेल तर मग विषयच संपला. आणि मरणाचा मान म्हणून पारितोषिक दिलं म्हणाल, तर नामांकनांच्या त्याच यादीत रॉक गायक क्रिस कॉर्नेलही होता. तोही आदल्या वर्षी मे महिन्यात गेलेला, अवघा ५२ वर्षांचा. सहानुभूतीच मोजायची तर पारडं तिकडे झुकायला हवं होतं.

लेखकांनी त्या गाण्याला ‘देवापुढची शरणागती’ म्हटलंय. माझं इंग्रजी शाळामास्तरणीचं, पण मला तरी ते भांडण वाटतं. पत्त्यांच्या डावाची भाषा आहे, तूच पत्ते वाटणारा असशील तर मी उठलो, अशा थाटाची. जनाबाई विठ्ठलाला शिव्या घालते, ते आपण शरणागती म्हणून ऐकतो का? इतक्या हक्काने भांडायला नातं जुनं लागतं. कोहेनचे आजोबा त्या सिनेगॉगचे अध्यक्ष होते. तो घरातल्या माणसासारखाच भांडतो. मध्येच ‘हिनेनी’ हा हिब्रू शब्द येतो. देव अब्राहमला हाक मारतो, पोटच्या पोराचा बळी मागण्यासाठी, तेव्हा अब्राहम हेच उत्तर देतो. ‘हा मी इथे आहे’ असं भाषांतर लेखात दिलंय, चूक नाही. पण मी तीस वर्षं रोज सकाळी हजेरी घेतली आहे. माझ्या कानाला तो शब्द ‘हजर’ असा येतो. काही पोरं ‘हजर’ अशा सुरात म्हणतात की त्यात ‘आलोय, पण मर्जीने नाही’ हेही ऐकू येतं. तो सूर इथे अगदी बरोबर लागलाय.

लेखात एक गोष्ट मुळीच नाही, आणि मराठी वर्तमानपत्रात ती असायला हवी होती. माझं माहेर गिरगावचं. १९७५-७६ च्या सुमाराला खेतवाडीच्या दहाव्या गल्लीत पाठीवर पिशव्या लावलेले गोरे लोक ‘महाराज’ कुठे राहतात विचारत यायचे. बोटाने दाखवलं की झालं. निसर्गदत्त महाराज, मूळचे मारुती कांबळी, विड्यांच्या दुकानावर संसार केलेला माणूस. पोटमाळ्यावर बसून मराठीत बोलायचे आणि कुणीतरी इंग्रजीत सांगायचं. मी कधी वर गेले नाही. आम्हा मुलींना त्यात काही विशेष वाटायचं नाही. त्या दुभाष्यांपैकी एक रमेश बाळसेकर, बँक ऑफ इंडियातून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले. पुढे ते स्वतः गमाडिया रोडवरच्या घरी सकाळी लोकांशी बोलत. कॅलिफोर्नियातल्या झेन मठात काही वर्षं भिक्षू होऊन राहिलेला कोहेन तिथून बाहेर पडल्यावर १९९९ मध्ये मुंबईत आला तो या बाळसेकरांकडे, आणि केम्प्स कॉर्नरच्या साध्या हॉटेलात राहून महिनोन्‌महिने त्यांचं ऐकत राहिला. आयुष्यभर मानगुटीवर बसलेलं नैराश्य त्या सुमारास उतरलं असं त्यानेच पुढे सांगितलं. बाळसेकर सांगत की घटना घडतात, कर्म होतं, पण करणारा असा कुणी नसतो. आपल्या आजीच्या तोंडी हेच ‘कर्ता करविता तो’ असं असायचं. आता हे डोक्यात ठेवून ते भांडण पुन्हा ऐका. करविता तूच, तर या अंधाराचा जाब कुणी द्यायचा? गाणं त्यामुळेच लिहिलं गेलं असं मी म्हणणार नाही, पण खेतवाडीपासून मॉन्ट्रियलच्या त्या सीडीपर्यंत एक धागा आहे, आणि माझ्या हातून तो निसटला होता याची चुटपुट लागते.

अल्बममध्ये सगळंच सोनं नाही. ‘इफ आय डिडन्ट हॅव युअर लव्ह’ सरळसोट आहे, कुणीही लिहिलं असतं. मधली दोन-तीन गाणी एकाच चालीने चालतात, रात्री दोनला ते सोयीचं होतं, दुपारी चारला डुलकी येते. ‘ट्रॅव्हलिंग लाइट’ मात्र पुन्हा पुन्हा लावलं. त्यात ग्रीक बुझुकी वाजते. तरुणपणी तो हायड्रा बेटावर घर घेऊन राहिला होता, तिथलं वाद्य. त्या गाण्यावर माझी मुलगी, सव्वा महिनाही झाला नव्हता, पोराला घेऊन स्वयंपाकघरात चक्क नाचली. निरोपाच्या गाण्यावर कुणी असं नाचत नाही. मी ओरडले, ते वेगळं.

जाता जाता एक दुरुस्ती. लेखात ‘दहा गाणी’ छापलं आहे. गाणी नऊ आहेत, आणि त्यातलं नववं आधीच्या ‘ट्रीटी’ या गाण्याचीच तंतुवाद्यांवरची पुनरावृत्ती आहे, त्यात तो अगदी शेवटी चार ओळींपुरता येतो. आम्ही तिथवर क्वचित पोचायचो. पोर आठव्यालाच झोपलेलं असायचं आणि जावई हळूच जाऊन बटण बंद करायचे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
डोंबिवली (पूर्व)