लॉग वर सरकवत वाचायला शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

हे पत्र जाहीरपणे लिहितोय, कारण तुम्ही जे शिकवलंत ते बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करणं) आणि डिप्लॉयमेंट (तो प्रत्यक्ष वापरात आणणं) या कामात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर पडायला हवं.

आपला तो बिल्ड आठवतो? कोड तोच, मशीन तेच, तरी कधी पास व्हायचा, कधी फेल. पुन्हा रन करायचा आणि मोकळं व्हायचं, अशीच सगळ्यांची रीत. तुम्ही मात्र लॉग, म्हणजे बिल्डने छापलेली नोंद, उघडलात आणि वर वर सरकत गेलात. मेक, म्हणजे बिल्डमधली कामं चालवणारं साधन, अनेक कामं एकाच वेळी करत असताना एक काम कोसळलं, तरी सुरू झालेली बाकीची कामं आपलं आउटपुट ओततच राहतात. शेवटची 'एरर २' नुसतं फेल झाल्याचं सांगते. कारण कितीतरी ओळी वर गाडलेलं असतं. तिथे एक हेडर फाइल (इतर कोड फाइल्स आत ओढून घेतात ती) सापडत नव्हती. ती बिल्डमध्येच तयार व्हायची, पण अमुक फाइलला ती आधी लागते, हे मेकफाइलमध्ये, म्हणजे मेकच्या सूचनांच्या फाइलमध्ये, कुणी लिहिलंच नव्हतं. कधी हेडर आधी तयार व्हायची, कधी कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम) आधी पोचायचा. तुम्ही डिपेंडन्सीची एक ओळ टाकलीत आणि दुखणं मुळापासून गेलं.

स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल लॅब्जमध्ये मेक लिहिलं ते १९७६ मध्ये. पुढे बिल्ड आपोआप चालवणारं जेन्किन्स, २०१३ मध्ये प्रोग्राम त्याला लागणाऱ्या गोष्टींसह एका डब्यात (कंटेनरमध्ये) बांधणारं डॉकर, पुढच्याच वर्षी असे डबे सांभाळणारं कुबरनेटीस, साधनं येतच राहिली. 'कशाला काय लागतं ते आधी लिहून काढ' हे तुमचं सांगणं मला प्रत्येक पाइपलाइनमध्ये (बिल्डपासून डिप्लॉयमेंटपर्यंतच्या साखळीत) उपयोगी पडलं. या कामात करिअर करायचं तर सर्टिफिकेटांपेक्षा ही सवय मोलाची, असं माझं ठाम मत आहे.

आणि रिलीजआधीचा तुमचा ठरलेला प्रश्न: 'मागे कसं यायचं?' डेटाबेसमधला कॉलम एकदा काढून टाकला की जुना कोड परत आणूनही भागत नाही, हे तुम्ही फळ्यावर उलगडून दाखवलंत. म्हणून आधी नवा कॉलम वाढवायचा, जुनं-नवं दोन्ही व्हर्जन चालतंय याची खात्री करायची, जुना कॉलम नंतरच्या रिलीजमध्ये काढायचा. आजही मी याच क्रमाने जातो.

प्रॉडक्शनचं (खरे वापरकर्ते वापरतात त्या सिस्टिमचं) डिप्लॉयमेंट पहिल्यांदा माझ्याकडे सोपवलंत, तेव्हा शेवटपर्यंत तुम्ही शेजारी बसून होतात आणि कीबोर्डला हातही लावला नाहीत. त्या विश्वासाबद्दल मनापासून आभार.

तुमचा कृतज्ञ विद्यार्थी